आमची कोठेही शाखा नाही

सगळ्यात आधी पेंटर गाठा. वकिलाचं नंतर बघू. दुकानावर लाल ठसठशीत अक्षरांत लिहून घ्या: 'आमची कोठेही शाखा नाही'. कोल्हापुरात बौद्धिक संपदेचं रक्षण इथून सुरू होतं आणि बहुतेक वेळा इथंच संपतं. पलीकडच्या गल्लीत कुणी तुमचंच नाव लावलं तर डगमगू नका. आपल्या नावाआधी 'ओरिजिनल' रंगवा. त्यानं 'जुने ओरिजिनल' केलं की तुम्ही 'सर्वात जुने ओरिजिनल' करा. गिऱ्हाईक गोंधळेल, पण पेंटरचं घर तरी चालेल.

ट्रेडमार्कच्या नादाला लागू नका. छोट्या धंद्याला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी 4,500 रुपये, आणि नोंदणी टिकते 10 वर्षं. म्हणजे वर्षाला साडेचारशे रुपये! एवढी वर्गणी मंडळाला दिली तर पावती मिळते, शिवाय मांडवात माइकवरून नाव पुकारतात. चेन्नई-मुंबईच्या कुठल्या रजिस्टरात पडलेलं नाव कोण पुकारणार?

आमच्या एका वहिनींनी चटणीचा धंदा काढला. चटणी म्हणजे आमची, कांदा-लसणाची, डंकावर कांडलेली; बाहेरगावच्या वाचकांनी उगाच खोबऱ्याची वाटी पुढं करू नये. पाकीट छापलं, नाव टाकलं आणि नावाच्या डोक्यावर गोलातला आर. कारण काय, तर 'त्यानं पाकीट भारी दिसतं'. नोंदणी नसताना तो आर लावणंच बेकायदेशीर आहे आणि त्यासाठी दंड बसू शकतो, हे मी सांगितलं तर मलाच 'तुमचं सगळं उलटंच' असं ऐकावं लागलं. सहा महिन्यांत बाजारात दुसरं पाकीट आलं. तोच रंग, तीच मिरची, नावात एका वेलांटीचा फरक. वकील म्हणाले, नोंदणी नसली तरी दावा लावता येतो. फक्त तुमचं नाव आधीपासून लोकांना माहीत होतं, गिऱ्हाईक फसलं आणि तुमचं नुकसान झालं, एवढं सिद्ध करा. बिलं आणा. वहिनींनी सगळा धंदा बिलाशिवाय केला होता. तेव्हा तुम्हीही बिलं करू नका, जीएसटीचा ताप वाचतो.

उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, हात काळे करून एखादं नवं यंत्र जमवलं असेल तर त्याच दिवशी रील टाका. मागं 'जगात भारी कोल्हापुरी'चा ठेका, पुढं यंत्र पोटातल्या गिअरसकट उघडं करून. पेटंट 20 वर्षांचं मिळतं खरं, पण त्यासाठी गोष्ट अर्ज करेपर्यंत नवी असावी लागते, म्हणजे जगापुढं न आलेली. आपल्याकडं आधी गाव बघतं, मग बायको बघते, शेवटी वकील बघतो. हा क्रम मोडू नका. राजकोटचा कारखानदार रील बघून माल काढेलच. तुम्हाला लाइक तरी मिळतील.

आता चपलेकडं येऊ, कारण तिथं आपली अस्मिता करकर वाजते.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीच्या पोरांनी कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल घातली आणि आपण पेटलो. पेटायलाच पाहिजे होतं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, हातानं वळलेली वेणी, हे कुणी नुसतं 'लेदर सँडल' म्हणून चालवलं तर राग येणारच. पुढं कंपनीनं प्रेरणा कुठली ते कबूल केलं. काही वकील मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं जुलैत याचिका फेटाळली: या नावाचे नोंदणीकृत मालक तुम्ही नाही, ज्यांचं आहे त्यांनी यावं. ते मालक म्हणजे महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर, दोन सरकारी महामंडळं. होय, कर्नाटकाचं. 2019 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात, म्हणजे ठरल्या मुलखातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क देणाऱ्या नोंदणीत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या पंक्तीला बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर बसले आहेत. सीमावाद चपलेनं केव्हाच मिटवला, ही बातमी मात्र कुठल्याही सभेत फोडू नका.

दुसरी अडचण याहून नाजूक. मानांकन राखतं ते नाव. घाट राखत नाही. मिलानमध्ये घाट होता, नाव नव्हतं. नाव कुठं आहे? आपल्याच बाजारात, रेक्झिनच्या जोडावर, ज्याच्या तळव्याला कातड्याचा वासही लागलेला नाही. कायद्याला हवा असलेला गुन्हा तो हा. मानांकनाचं नाव खोटं लावलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते दोन लाख रुपये दंड, असं 1999 चा कायदा सांगतो. पण आपल्याच माणसावर तक्रार करायची? इटली लांब आहे, तिथं शिव्या पोचत नाहीत, म्हणून मनमोकळ्या देता येतात. रेक्झिनवाला संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर शेजारी बसतो.

चपला करणाऱ्या कारागिरालाही काही सांगू नका. मानांकनाचा 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून त्याला स्वतःचं नाव नोंदवता येतं, आणि ते असलं की नाव चोरणाऱ्यावर तो स्वतः दावा लावू शकतो. 2020 साली नियम बदलून या अर्जाची फी 500 रुपयांवरून 10 रुपयांवर आणली. दहा रुपये! एवढ्या स्वस्त हक्काला किंमत ती काय? शिवाय अर्ज करायला त्याला एक दिवस कामावरून उठावं लागेल, आणि आपला जोड आठ दिवस लांबेल. त्यापेक्षा भाव करताना 'राहू दे की भावा, दोनशे कमी घे' म्हणावं.

डिसेंबर 2025 मध्ये प्राडा आणि ही दोन महामंडळं यांच्यात करार झाला. सुमारे 2,000 जोड इथं बनतील, किंमत आठशे युरोच्या आसपास, असं जाहीर झालं. तुमच्या मनातला हिशेब मला कळतो. तो कारागिरापुढं बोलू नका, त्यालाही येतो.

तरी मोर्चा काढायचाच असेल, आणि काढावाच, तर एक काळजी घ्या. जून-जुलैत काढणार असाल तर अस्सल कातडी जोड घरी ठेवा. आपल्याकडचा पाऊस त्याला सोसत नाही. कातडं फुगतं, वेणी सुटते. साधे स्पोर्ट्स शूज घाला. बाहेर फुटपाथवर साडेतीनशेला मिळतात, मोठ्या कंपनीचे. फक्त नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडं झालेलं असतं.