‘जुळवायला काही उरतच नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की एकच मजकूर चार-पाच जणांकडे तपासायला द्यायचा असेल, तर प्रत्येकाला मूळ फाइलची वेगळी प्रत द्यावी आणि सगळ्यांच्या दुरुस्त्या शेवटी एकानेच बसून जुळवाव्यात. त्यावर ‘एक वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ती अशी: ‘हा विसाव्या शतकातला उद्योग झाला. गूगल डॉक्समध्ये सगळ्यांनी एकाच फाइलवर सूचना केल्या की जुळवायला काही उरतच नाही. सजेशन मोड (मूळ मजकूर न पुसता बदल सुचवायची सोय) काल-परवा आलेला नाही, २०१४ पासून आहे. शिवाय तुमच्या पद्धतीत कोणाची सूचना का नाकारली हे बाकीच्यांना कळत नाही. प्रोग्रॅमर रोज गिटवर (अनेकांनी कोडमध्ये केलेले बदल एकत्र करणाऱ्या साधनावर) हेच करतात, त्यांचं काही अडत नाही. खरं कारण एवढंच दिसतं की लेखकाला फाइल शेअर करायची भीती वाटते.’

२०१४ चं मान्य. मी ‘अलीकडे आलेली सोय’ असं लिहिलं होतं, ते चुकलं. चूक दाखवली की मी मान्य करतो, एवढं नोंदवून ठेवतो.

आता भीती. वडील खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून मी गॅली प्रुफं वाचायला शिकलो, आणि पुढे बावीस वर्षं मुद्रितशोधन करून घर चालवलं. लेखक, संपादक आणि लेखकाचे मेहुणे अशा तिघांच्या तीन रंगांतल्या शाया एकाच समासात मी सोडवल्या आहेत. फाइल शेअर करायला मी घाबरतो असं मला न ओळखणाऱ्या माणसाने लिहावं, तेही नाव न देता, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मतभेद असू शकतात. पण ‘खरं कारण एवढंच दिसतं’ ही भाषा मतभेदाची नव्हे.

‘जुळवायला काही उरतच नाही’ हे तुमचं वाक्य मात्र सोडता येत नाही. २०१८ साली एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. तरुण मंडळींच्या आग्रहाखातर सगळं तुमच्या पद्धतीने केलं. एक फाइल, पाच तपासणारे, सगळे सजेशन मोडमध्ये. मूळ वाक्य होतं: ‘संस्थेला अनुदान वेळेवर मिळत नसे.’ एका निवृत्त शिक्षकांनी ते सौम्य करायचं ठरवलं: ‘संस्थेला अनुदान उशिरा मिळत असे.’ त्यांच्या मनात ही एकच दुरुस्ती. पण पडद्यावर उजवीकडे तिच्या स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या दोन वेगळ्या चौकटी झाल्या, एक ‘वेळेवर’च्या जागी ‘उशिरा’ आणि दुसरी ‘नसे’च्या जागी ‘असे’. दुसऱ्या तपासणाऱ्या बाईंनी पहिल्या चौकटीखाली लिहिलं, ‘वेळेवर हाच शब्द ठेवावा.’ त्यांचंही बरोबर, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर मूळ वाक्य होतं. मग पहिली चौकट नाकारली गेली, दुसरी स्वीकारली गेली, आणि छापून आलं: ‘संस्थेला अनुदान वेळेवर मिळत असे.’

समारंभाला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी हे वाक्य भाषणात वाचून दाखवलं आणि संस्थेचे आभार मानले. ज्या मुख्याध्यापकांनी अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून स्वतःच्या खिशातून पगार भागवले होते, ते पहिल्या रांगेत बसले होते. वाटायच्या राहिलेल्या तीनशे प्रतींत मी आणि माझी मुलगी रात्री शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या डकवत बसलो. डिंक पुरला नाही, शेवटच्या चाळीसएक प्रतींना भाताची खळ लावली.

स्वीकारचं बटण मीच दाबलं होतं, हे तुम्ही लिहिणार हे मला ठाऊक आहे. पण तो मुद्दाच नाही. दोनशे अकरा चौकटी समोर असल्या की माणूस चौकटी वाचतो, वाक्य वाचत नाही. वेगवेगळ्या प्रती असत्या तर ‘उशिरा मिळत असे’ हे अख्खं वाक्य मला शिक्षकांच्या प्रतीत एकसंध दिसलं असतं. दोन दुरुस्त्या आपापल्या जागी बरोबर आणि एकत्र आल्या की अनर्थ, हे ओळखणं म्हणजेच जुळवणं. ते काम उरतंच. सगळे एकाच फाइलवर असले की ते झाल्यासारखं वाटतं, इतकंच.

आणखी एक. सामायिक फाइलवर दुसरा तपासणारा पहिल्याच्या सूचना बघतच वाचतो. पहिल्याने ‘केलं’चं ‘केले’ करायला घेतलं की बाकीचे चौघे त्याच वादात उतरतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ चे चार, सगळे समासात येऊन बसतात आणि तिसऱ्या पानावर साल चुकलंय हे कोणालाच दिसत नाही.

गिटचं म्हणाल तर गिट ओळींनी तुलना करतं. आमचा परिच्छेद म्हणजे गिटच्या लेखी एक लांबलचक ओळ. त्या एका ओळीत दोघांनी दोन टोकांना स्वल्पविराम घातले तरी ते अडून बसतं आणि माणसाला बोलावतं. म्हणजे तुमचे प्रोग्रॅमरही शेवटी माझंच काम करतात. नाकारलेल्या सूचना इतरांना कळत नाहीत वगैरे गोष्टी एका ईमेलने भागतात. त्यावर वेळ घालवत नाही.

खरं तर माझ्या पद्धतीला कोंडीत पकडायचं होतं तर मुद्दा होता. वर्डच्या ‘कम्बाइन’मध्ये, म्हणजे वेगवेगळ्या प्रतींतले बदल एकत्र करायच्या सोयीत, एका वेळी दोनच फायली जुळतात, म्हणजे पाच प्रतींना चार फेऱ्या. त्यात ‘दुसऱ्या’मधला ऱ्य एकाने एका कळफलकाने टंकला आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर आत वेगळे संकेतांक बसतात. पडद्यावर अक्षर तेच, वर्डला मात्र तो बदल वाटतो. मागच्या महिन्यात अशा सत्तर लाल रेघा मी एकेक करून पुसल्या. हे तुम्ही लिहिलं असतंत तर मला उत्तर सुचलं नसतं. तुम्ही भीतीवर आलात.

मूळ लेखात २०१४ ची दुरुस्ती केली आहे. दाखवून देणाऱ्याचं नाव तिथे द्यायची माझी पद्धत आहे. तुमचं देता आलं नाही, कारण तुम्ही ते दिलेलंच नाही.