टाकी उंच करून प्रेशर दुप्पट होत नाही, आतून रंग देऊन भिंत कोरडी होत नाही

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या ग्रुपवर हा सल्ला फिरायला लागतो: ‘टाकी तीन फूट उचला, प्रेशर दुप्पट. तरी जमलं नाही तर नळाच्या लाइनला मोटर जोडा. ओल असेल तर आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्या. जास्त असेल तर गिलाव्यात वॉटरप्रूफिंग पावडर भरपूर टाका. छताला डाग दिसला की वरच्यांचं बाथरूम फोडायला लावा.’ पाणी कुठे अडतंय आणि कुठून शिरतंय हे न बघताच यात औषध सांगून टाकलंय. त्यामुळे पैसे जातात, ओल राहते.

‘टाकी तीन फूट उचला, प्रेशर दुप्पट.’ हिशोब सोपा आहे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार (बार हे दाबाचं एकक), म्हणजे तीन फुटांनी वाढणार ०.०९ बार. वरच्या मजल्यावर अर्धा फूट जाडीचा स्लॅब १० फुटांवर, शॉवर ७ फुटांवर आणि टाकीचा तळ गच्चीपासून फूटभर वर धरला, तर टाकी रिकामी होत आली असताना शॉवरला जेमतेम साडेचार फुटांचा दाब मिळतो. त्यात तीन फूट घातले तर दाब दीडपटीहून थोडा जास्त होतो, पण पाइपातल्या घर्षणामुळे धार वाढते ती तीसेक टक्केच. तीन मजले खाली राहणाऱ्याला तर फरक कळणारही नाही. उलट टाकीपासून बाथरूमपर्यंतची अर्ध्या इंचाची लाइन पाऊण इंचाची केली, तर तेवढ्याच दाबात त्या लाइनमधून जवळपास तिप्पट पाणी येऊ शकतं. शिवाय हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. ती उचलायचीच असेल तर स्टँडचे पाय बीमवर किंवा कॉलमवर यायला हवेत, स्लॅबच्या मधोमध नव्हे.

खर्च करण्याआधी १० लिटरची बादली प्रत्येक नळाखाली भरा आणि सेकंद मोजा. एकच नळ मंद असेल तर तोंडाची जाळी काढा, क्षार साचले असतील तर तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा, अँगल कॉक, म्हणजे नळाआधीची भिंतीतली छोटी चावी, पूर्ण उघडा आहे का बघा. फक्त गरम पाणी मंद असेल तर गिझरच्या तोंडाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) तपासा. सगळेच नळ मंद असतील तर गच्चीवरचा जुना गेट व्हॉल्व्ह पहिला संशयित. त्याचं चाक फिरतं, पण आतला दांडा तुटलेला असला तर पाणी अडवणारा पडदा अर्ध्यात अडकून राहतो. तिथे फुल-बोअर बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आतलं भोक पाइपाएवढंच असलेला, बसवा. धार थांबत-थांबत, फुरफुरत येत असेल तर लाइनमध्ये हवा अडकलीये. टाकीतून निघालेली लाइन मध्येच वर चढून पुन्हा उतरत असेल तर ते वळण काढा आणि आउटलेटजवळ हवेचा उभा पाइप टाकीतल्या पाण्याच्या वरच्या पातळीपेक्षा उंच न्या. जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन आतून गंजून अरुंद झाली असेल, तर बदलण्यावाचून इलाज नाही.

‘नळाच्या लाइनला मोटर जोडा.’ हे करूच नका. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणं नियमबाह्य आहेच, आणि ती शेजाऱ्याचं पाणी ओढते. त्याहून वाईट म्हणजे ओढीमुळे पाइपात दाब उणे होतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत येतं. बूस्टर पंप हवा असेल तर तो आपल्या टाकीनंतर लावा. पण आधी भिंतीतल्या लाइनची हातपंपाने दाब-चाचणी करून घ्या: पंपामुळे जेवढा दाब येणार आहे त्याच्या दीडपट, एक तास, आणि काटा खाली येता कामा नये. वर्षानुवर्षं कमी दाबावर टिकलेला कच्चा सांधा बूस्टर लावल्यावर गळू लागतो, आणि प्रेशरची तक्रार ओलीची तक्रार होऊन बसते.

‘आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात.’ सगळ्यांत जास्त पैसे इथेच वाया जातात. पाणी बाहेरून किंवा पाइपातून विटांत शिरतं आणि खोलीच्या बाजूने वाफ होऊन सुटतं. ती वाट रंगाने बुजवली की पाण्यातला खार रंगामागे साचून स्फटिक धरतो आणि पोपडे सुटतात. तळमजल्यावर ओल आणखी वर चढते. रंग चांगला की वाईट हा मुद्दाच नाही, तो चुकीच्या बाजूला लागलाय. बाहेरून पोचताच येत नसेल, जसं की मागे मातीचा भराव आहे, तर गिलावा विटेपर्यंत काढून उघड्या विटेवर सिमेंट-पॉलिमरचा थर देता येतो. जुन्या गिलाव्यावर तो टिकत नाही.

तळमजल्याची ओल जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत सलग पट्ट्यात दिसते. बागेची माती प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, वर आली असेल तर आधी ती अर्धा फूट तरी खाली घ्या. मग ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा काढा आणि खार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा विटेत जातो. नवा गिलावा चुन्याचा करा, म्हणजे भिंतीला श्वास घेता येईल.

‘पावडर भरपूर टाका.’ ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीला साधारण १ किलो पावडर पुरते, नेमकं प्रमाण पुड्यावर छापलेलं असतं. त्याहून जास्त टाकल्याने जलरोधन वाढत नाही, गिलावा मात्र कमजोर होऊ शकतो. पावडर बारीक छिद्रं कमी करते, भेग जोडत नाही. आणि बाहेरच्या भिंतीतून पाणी शिरतं ते मुख्यतः काँक्रीटचा बीम आणि विटा यांच्या सांध्यातल्या भेगेतून, कारण दोघांचं आकुंचन-प्रसरण वेगळं असतं. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा गिलावा सहा-सहा इंच काढा, फट पॉलिमर मॉर्टरने भरा, त्यावर फूटभर रुंद कोंबडी जाळी ठोका, मग दोन थरांत गिलावा करून सात दिवस पाणी मारा. खिडकीच्या पट्टीचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का आणि छज्ज्याखाली पाणी तोडणारी खाच आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

‘वरच्यांचं बाथरूम फोडा.’ आधी डागाची वेळ बघा. बारा महिने सारखाच ओला असेल तर नळांना पाणी देणारी दाबाची लाइन, आंघोळीनंतर वाढत असेल तर न्हाणी ट्रॅप (फरशीतला सांडपाण्याचा निचरा) किंवा फरशीचे सांधे, फक्त पावसात येत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. रात्री सगळे नळ बंद करून मीटर फिरतोय का बघा. टाकीवरून पाणी येत असेल तर आत येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करा आणि सकाळी ती खाली गेलीये का बघा. न्हाणी ट्रॅपला बूच मारून बाथरूममध्ये दोन इंच रंगीत पाणी २४ ते ४८ तास उभं ठेवा. कपाटामागची भिंत ओलसर असेल तर फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर ते हवेतलं बाष्प आहे. कपाट चार इंच पुढे ओढा, खिडकी उघडी ठेवा. भांडण टाळायलाही या चाचण्या उपयोगी पडतात: महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते.

गळती थांबली तरी रंगाची घाई नको. विटांची भिंत इंचाला महिना या हिशोबाने वाळते असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे नऊ इंची भिंतीला बरेच महिने लागतात. फोडाफोड आणि बाहेरचं काम मार्च ते मे महिन्यांत उरका, पुट्टी आणि रंग दिवाळीनंतर, प्लास्टिकच्या चाचणीत भिंतीकडची बाजू कोरडी निघाली तरच.