ट्रॉली विकलेली आहे

भर दुकानात, दहा माणसांसमोर, आपल्याच ट्रॉलीतलं सामान आपल्याच हाताने बाहेर काढायचं, हा प्रसंग मी अजून कुणाला नीट सांगितलेला नाही. सांगायला लागले की लोक आधी हसतात आणि मग त्या काकांची बाजू घेतात. नवऱ्यानेही घेतली. म्हणून इथे लिहितेय. मध्ये कुणी बोलू शकणार नाही.

‘टॉईज आर अस’ ही खेळण्यांच्या दुकानांची साखळी बंद होतेय हे २०१८ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. कंपनीचं मुख्यालय इथलंच होतं, वेन गावचं. मार्चमध्ये गाशा गुंडाळायची घोषणा झाली आणि २९ जूनला उरलीसुरली दुकानंही मिटणार होती. मला शनिवारच्या वाढदिवसासाठी एक भेट हवी होती. आमच्या भागातल्या मराठी घरांत शनिवार आणि वाढदिवस हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत. भेट न्यायची, रिटर्न गिफ्ट आणायची, आणि आपण दिलेलं जिगसॉ पझल दोन वर्षं तीन घरं फिरून वेष्टणासकट आपल्याकडे परत आलं तरी ‘अय्या, किती छान!’ म्हणायचं. हा सगळा व्यवहार या दुकानाच्या जिवावर चालला होता. आता पुढे काय, याचा विचार आमच्या महाराष्ट्र मंडळाने तोवर केलेला दिसत नव्हता.

तर, दारातली एक ट्रॉली घेतली. तिचं पुढचं डावं चाक भांडकुदळ होतं. आपण सरळ जावं, तर ते बाहुल्यांकडे ओढायचं. तरी तशीच रेटत बऱ्यापैकी भरली: वाढदिवसाचा डॉक्टर सेट, पुढच्या चार वाढदिवसांची बेगमी, आणि बॅटऱ्या. एवढ्यात मागून आवाज आला.

“एक्सक्यूज मी मॅडम, धिस इज माय ट्रॉली.”

साधारण सत्तरीचे गृहस्थ. पांढरे स्पोर्ट्स शूज, जूनच्या उकाड्यात हाफ स्वेटर, आणि शर्टाच्या खिशात दोन पेनं. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले वडील इथे पार्किंग लॉटच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येतात.

मी म्हटलं, दारात अजून आहेत की.

“नो, नो. धिस वन आय हॅव परचेज्ड.”

आणि खिशातून पावती काढली. खरंच! दुकानातलं सामान संपत आलं तसं लिलाववाल्यांनी दुकानच विकायला काढलं होतं. रॅक, हुक, शिड्या, कचऱ्याचे डबे, सगळ्याला चिठ्ठ्या. काकांनी पंधरा डॉलरला ट्रॉली घेतली होती, दारात लावली होती आणि आत रॅकचे भाव बघायला गेले होते. विकल्याची चिठ्ठी मुलाला बसवायच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेली. ‘वाऱ्याने उडू नये म्हणून.’ दुकानाच्या आत वारा!

“अरे देवा, काय कटकट आहे,” मी पुटपुटले.

काकांचा चेहरा उजळला. “मराठी का? मग प्रश्नच मिटला!”

माझा प्रश्न तिथून सुरू झाला.

“मूळच्या कुठल्या तुम्ही?”

“पुण्याच्या.”

“पुण्याच्या,” त्यांनी मान हलवली, जणू ट्रॉली का घेतली गेली त्याचा उलगडा झाला. “आम्ही बार्शीचे. काढता ना सामान? सावकाश काढा, घाई नाही.”

मी एकेक डबा काढून जमिनीवर ठेवत होते आणि काका वर उभे राहून मोजत होते. मदत म्हणून नाही. त्यांची एखादी वस्तू चुकून माझ्याबरोबर जाऊ नये म्हणून. त्यांची ट्रॉलीत एकही वस्तू नव्हती.

“पण काका, ट्रॉली कशाला?” मी विचारलं. न विचारते तर वीस मिनिटं आधी घरी पोचते.

“त्याचं असं आहे ताई. मुलगा-सून दोघं कामाला. मला गाडी येत नाही. इंडियन दुकान आमच्या अपार्टमेंटपासून सव्वा मैल. चालत जातो, पण येताना पिठाची वीस पौंडाची थैली कुठे घेऊ? डोक्यावर? मुलगा म्हणतो, शनिवारी नेतो. शनिवारी कुणाचा तरी वाढदिवस असतो.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. काकांकडे होतं.

“मी दुकानाचं बोधचिन्ह असलेल्या त्या जिराफाचाही भाव विचारला. मुलगा नको म्हणाला, गाडीत जाऊन बसला. लाजतो. आता मला सांगा, एवढं मोठं दुकान बसलं कशामुळे? खेळणी कुणी घेत नाही म्हणता? मग तुम्ही हे काय काढून ठेवलंय?”

पायाशी ढीग घेऊन उभ्या असलेल्या बाईला हा प्रश्न विचारायचा नसतो. पण काका जिल्हा बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले होते. ते त्यांनी सांगितलं, पण सांगायची गरज नव्हती. पेपरात वाचलेलं मी सांगू लागले आणि माझीच चौकशी लागली.

“२००५ साली तीन कंपन्यांनी मिळून हे विकत घेतलं. बेन कॅपिटल, केकेआर आणि व्होर्नाडो. ६.६ अब्ज डॉलरला.”

“स्वतःचे किती घातले?”

“सव्वा-दीड अब्जाच्या आसपास.”

“आणि बाकीचे?”

“कर्ज.”

“कुणाच्या नावावर?”

“दुकानाच्या.”

काका थबकले. ट्रॉलीच्या दांडीवरचा हात काढून त्यांनी चष्मा पुसला. “थांबा. खरेदीदार हे. मालक हे. आणि कर्जदार दुकान?”

“हो.”

“म्हणजे ज्याला विकत घेतलं त्यानेच स्वतःचे पैसे फेडायचे?”

“आणि वर्षाला चाळीसेक कोटी डॉलर त्यातच जायचे.”

“आमच्याकडे असं केलं ना ताई, तर संचालक मंडळावर सहकार कायद्याच्या कलम ८८ ची चौकशी लागते. इथे काय लागलं?”

“इथे सेल लागला.”

काका हसले नाहीत. पटलं असावं. मग बराच वेळ ते तारण, हमीदार आणि ‘शाखाधिकारी झोपला होता का’ यावर बोलत राहिले आणि ये-जा करणारी अमेरिकन मंडळी माझ्या ढिगाला वळसा घालून जात राहिली. एका बाईने त्यातली एक बाहुली उचलून पाहिली. मी डोळे वटारले तेव्हा ठेवली.

मला राग ट्रॉलीचा आला होता, पण खरं सांगायचं तर काकांनी नको तिथे बोट ठेवलं. सगळे सरळ म्हणतात, ऑनलाइनने मारलं. ऑनलाइनचं पापही आहेच, आणि २००० साली आपली ऑनलाइन विक्री दहा वर्षांच्या करारावर अ‍ॅमेझॉनच्याच हाती देणारे आणि चार वर्षांत त्याच्यावर खटला भरणारे हेच दुकानवाले. पण दुकान नवं करायला, रंग द्यायला, चार माणसं जास्त ठेवायला जो पैसा लागतो तो व्याजात गेला तर बिचारा जिराफ काय करणार? चार्ल्स लाझरस नावाच्या माणसाने १९४८ मध्ये वॉशिंग्टनला बाळांच्या पाळण्यांचं दुकान काढलं. त्याच्या लक्षात आलं की पाळणा घेतलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या पाळण्याला परत येत नाही, खेळणं मात्र मोडतं आणि माणूस परत येतो. एवढ्या एका हिशोबावर त्याने सातशेहून अधिक दुकानांचा पसारा उभा केला. दुकानं बंद होणार हे जाहीर झालं आणि आठवड्याभरात तो गेला, ९४ व्या वर्षी.

टाइम्स स्क्वेअरच्या शाखेत तर आत साठ फुटी आकाशपाळणा होता. भारतातून आलेल्या प्रत्येक आईवडिलांना स्वातंत्र्यदेवतेनंतर तिथे नेणं हा आमच्या पिढीचा कुळाचार. सासूबाई त्यात बसल्या, उतरल्या आणि म्हणाल्या, “आमच्या जत्रेतला जोरात फिरतो.” २०१५ च्या शेवटी तोही गेला. तेव्हाच ओळखायला हवं होतं कुणीतरी.

असो. दोन्ही हातांत, काखेत आणि हनुवटीखाली डबे धरून मी रांगेत लागले. पुढे काका, रिकामी ट्रॉली घेऊन. पावती होती तरी ते रांगेत उभे राहिले, कारण ‘बाहेर नेताना कुणी अडवलं तर?’ माझे डबे घटकाभर त्यांच्या ट्रॉलीत ठेवू देण्याचं त्यांना सुचलं नाही. मलाही मागायचं नव्हतं. पुण्याच्या ना आपण.

काउंटरवरची बाई वयस्क होती. पुढच्या माणसाने, ऐंशी टक्के सवलतीच्या डब्यावर, अजून काही कमी होईल का असं तिला विचारलं. ती नम्रपणे नाही म्हणाली. सुमारे ३३,००० माणसांची नोकरी जात होती, नुकसानभरपाईचा पत्ता नव्हता, आणि वरच्या साहेबांना लक्ष्य गाठल्यास कोटीहून अधिक डॉलरच्या बोनसला दिवाळखोरीच्या न्यायालयाने आदल्या डिसेंबरातच मंजुरी दिलेली. कुठलं लक्ष्य, हे विचारू नका. रिकामं दुकान समोर होतं. मी तिला काहीतरी बरं बोलणार होते, पण हनुवटीखाली डॉक्टर सेट असताना माणसाला फार बोलता येत नाही.

बाहेर आले तर काका आणि चिरंजीव गाडीपाशी उभे. ट्रॉली गाडीत मावत नव्हती. उभी मावेना, आडवी मावेना, उलटी करून पाय वर केले तर डिकी मिटेना. चिरंजीवांची नजर जमिनीवर. काकांची नजर माझ्या मिनीव्हॅनवर.

“ताई, मोठी दिसते गाडी.”

मी ती ट्रॉली त्यांच्या घरी पोचवली. पुढच्या सीटवर बसून काकांनी मला रस्ता दाखवला, जो चिरंजीवांच्या गाडीमागून जाताना मला दिसतच होता. ट्रॉलीच्या दांडीने माझ्या व्हॅनच्या आतल्या अस्तराला वीतभर चरा पडलाय. काकूंनी पोहे केले. पोहे उत्तम होते, हे मला मुद्दाम नमूद करावं लागतंय कारण नवरा म्हणतो मी एकांगी लिहिते. निघताना काकांनी फोन नंबर घेतला. “कधी लागली ट्रॉली तर सांगा. संध्याकाळपर्यंत परत द्या म्हणजे झालं.”

पुढे एका सकाळी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. गुलाबाचं फूल, सुप्रभात, आणि खाली:

“ताई, ट्रॉलीचे पुढील डावे चाक वाकडे आढळले. आपण वापरण्यापूर्वी ते सरळ होते का, कळवावे.”

दोन निळ्या खुणा झाल्यात, म्हणजे मी वाचलंय हे त्यांना कळलंय. उत्तर अजून दिलेलं नाही. अस्तराच्या चऱ्याचा फोटो मात्र काढून ठेवलाय.