पेट्रोलची वही

परवा कंपनीच्या पार्किंगमध्ये एका नव्या पोराने विचारलं, "काका, तुमची किती देते?" मी विचारलं, "कुठे?" त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. तो मोठ्याने म्हणाला, "अ‍ॅव्हरेज, अ‍ॅव्हरेज!" मी म्हटलं, "अरे तेच विचारतोय. कुठल्या रस्त्याला, आणि मागे कोण बसलंय?" मग डबा खाल्ल्यावर अर्धा तास त्याच्याशी बोललो. ते सगळं इथे लिहितोय. पोस्ट मोठी झाली आहे.

मी सासवडचा, नोकरी हडपसरला. जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, मध्ये दिवे घाट. महिन्याचे २५ दिवस धरले तर ११०० किलोमीटर होतात. गाडी लिटरला ६५ पडली तर सतरा लिटर लागतं, ५० पडली तर बावीस. पाच लिटरचा फरक, आणि पेट्रोल शंभराच्या वर. म्हणजे महिन्याला पाचशेच्या वर, वर्षाला सहा हजारांच्या वर. आमच्या घरात सहा हजार ही मोठी रक्कम आहे. म्हणून "किती देते" विचारणाऱ्याला कोणी चिकट म्हटलं की मला राग येतो. ज्याचा पगार अठरा हजार आहे आणि रोज चाळीस किलोमीटर गाडी मारावी लागते, त्याने हा प्रश्न विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

ही सवय मला माझ्या वडिलांमुळे, अण्णांमुळे लागली. अण्णा दुधाचा धंदा करायचे. १९९१ साली त्यांनी हीरो होंडाची सीडी १०० घेतली. ही गाडी १९८५ ला बाजारात आली होती आणि तिच्या 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' या जाहिरातीने तेव्हा सगळ्यांना वेड लावलं होतं. त्याआधी आमच्याकडे स्कूटर होती, पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यावं लागायचं, आणि घाटात ती पेट्रोल अक्षरशः प्यायची. सीडीच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून अण्णा पहाटे चारला निघायचे, हडपसरचे रतीब घालून नऊला परत. गाडी घेतल्या दिवसापासून त्यांनी एक वही घातली होती. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि शेवटी शेरा. दुधाच्या लिटरमागे पेट्रोलचे किती पैसे जातात हे त्यांना पैशापर्यंत माहीत असायचं.

त्यांच्या वहीत ७० ते ७२ चे आकडे आहेत. मी २०१० ला स्प्लेंडर घेतली तेव्हा मलाही सत्तर हवे होते. मला मिळाले ६४. रस्ता तोच, घाट तोच, इंजिन जवळपास तसंच. मी वैतागून गाडी दोनदा ट्यूनिंगला नेली. शेवटी अण्णांनीच विचारलं, "मी घाट उतरताना भरलेला असायचो का चढताना?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते दुधाने भरलेले कॅन घेऊन घाट उतरायचे आणि रिकामे कॅन घेऊन चढायचे. मी सकाळी एकटा उतरतो आणि संध्याकाळी हडपसरहून बायकोला मागे बसवून, भाजीची पिशवी टाकीवर ठेवून चढतो. शिवाय ते पहाटे चारला निघायचे. मी साडेआठला निघतो, फुरसुंगीपासून गाडीतळापर्यंत पहिला-दुसरा गिअर आणि हाफ क्लच. सहा-आठ किलोमीटरचा फरक तिथेच गेला होता. ट्यूनिंगचे पैसे फुकट गेले.

तेव्हापासून मी वहीतला शेरा नीट लिहायला लागलो. आकड्यापेक्षा तोच जास्त सांगतो. "पाऊस." "चेन सैल." "मागे आई." "वारी." आषाढात माउलींची पालखी घाटातून जाते तेव्हा दिवे घाट बंद असतो, आम्हाला बोपदेव घाटाने फिरून जावं लागतं. बोपदेव जास्त खडा आहे. त्या आठवड्याचा आकडा दरवर्षी पडलेला दिसतो, ५७-५८.

पण वहीने मला सगळ्यात मोठा धडा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दिला. कंपनी बंद, घाट बंद, ट्रॅफिक शून्य. गाडी फक्त दूध, किराणा आणि औषधांसाठी निघायची, एक-दीड किलोमीटर जाऊन परत. माझा अंदाज होता की अ‍ॅव्हरेज वाढेल. ते ४६ वर आलं! मी घाबरून पेट्रोलचा पाइप आणि कॉक तपासला, कुठे गळतंय का बघितलं. काही नव्हतं. कारण साधं होतं. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं, चोक त्याचसाठी असतो. इंजिन आणि ऑइल गरम व्हायच्या आत मी गाडी बंद करत होतो, आणि तासाभराने परत थंडच चालू करत होतो. एक किलोमीटरसाठी गाडी काढणं हा सगळ्यात महाग प्रवास आहे. तेव्हापासून दुधाला मी चालत जातो.

आता मोजायचं कसं, कारण बहुतेक लोक मोजतच नाहीत, ऐकीव आकडा सांगतात. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबायचं, किलोमीटर लिहायचे. चार-पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा त्याच पंपावर, गाडी सरळ मेन स्टँडला लावून, तसंच फुल करायचं. दुसऱ्यांदा जितकं लिटर बसलं त्याने किलोमीटरला भागायचं. एका वेळेचा आकडा खरा मानायचा नाही, तीन-चार वेळा करून बघायचं. काट्यावरून मोजू नका, साइड स्टँडवर गाडी कलली तरी काटा हलतो.

शंभर-शंभरचं टाकून हे जमत नाही. पण शंभरचं टाकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाच्या खिशात एका वेळी हजार रुपये टाकी भरायला नसतात. आणि आता शंभरात एक लिटरही येत नाही. अशा वेळी निदान रिझर्व्ह ते रिझर्व्ह मोजा. रिझर्व्हला लागली की किलोमीटर लिहा, मधे किती लिटर टाकलं त्याची बेरीज ठेवा, पुन्हा रिझर्व्हला लागली की भागाकार करा. कॉकवाल्या जुन्या गाडीला हे छान जमतं.

पंपावर कमी मिळतंय अशी शंका असेल तर पाच लिटरचं माप मागा. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेलं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकाला ते मागायचा हक्क आहे. मी दोनदा मागितलंय. दोन्ही वेळा माप बरोबर निघालं आणि माझ्या डोक्यातली शंका गेली. शंभरऐवजी एकशे दहाचं टाकलं की जास्त मिळतं, पहाटे टाकलं की दाट मिळतं, यावर माझा विश्वास नाही. टाकी जमिनीखाली असते, पहाटे आणि दुपारी तिथलं तापमान फारसं बदलत नाही.

शोरूममधला आकडा हा वेगळा विषय. तो खोटा नसतो, पण तो आपला नसतो. आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे, सकाळी फिरायला जाणारे त्या टेकडीला एआरएआय टेकडीच म्हणतात. अशा ठिकाणी गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त करून चाचणी घेतात. पूर्वीचं भारतीय चक्र १०८ सेकंदांचं होतं, त्यात जास्तीत जास्त वेग ४२. त्यात दिवे घाट नाही, समोरचा वारा नाही, मागे बसलेली आई नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला आहे, महिन्याचं बजेट करायला नाही. माझं म्हणणं एवढंच की हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगा. हल्ली इलेक्ट्रिक स्कूटरवाले चाचणीतली रेंज आणि रस्त्यावरची रेंज अशा दोन वेगळ्या सांगायला लागलेत. पेट्रोलच्या गाड्यांनीही तसं करावं, मला ते अजिबात अशक्य वाटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट खरं तर लिहायला घेतली ती सांगतो. दिवे घाटात रोज सकाळी मी पोरं गाडी बंद करून, न्यूट्रलमध्ये उतरताना बघतो. पेट्रोल वाचवायला. कृपा करून हे करू नका. गिअरमध्ये असताना इंजिन चाकाला जे अडवून धरतं ते जातं, सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो, ड्रम तापतो आणि वळणावर नेमका ब्रेक लागत नाही. आमच्या आळीतला एक मुलगा असाच पडला, खांद्याचं हाड मोडलं, तीन महिने घरी. त्या तीन महिन्यांच्या पगारात किती लिटर पेट्रोल आलं असतं याचा हिशेब त्याच्या वडिलांनी माझ्यासमोर केला होता, मला तो ऐकवला नाही.

आणि आता त्यात वाचतही नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हा प्रदूषणाचा नवा नियम आला, नव्या गाड्यांतून पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर गेला, त्याजागी मोजून पेट्रोल सोडणारं इंजेक्शन आलं. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की उतारावर पेट्रोल जवळपास बंदच होतं, चाकच इंजिन फिरवत राहतं. न्यूट्रलमध्ये चालू ठेवलीत तर उलट आयडलिंगचं पेट्रोल जळतं. म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरणारा माणूस सुरक्षितही असतो आणि त्याचं पेट्रोलही वाचतं.

वेगाचंही तसंच. वडकीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की सगळे पंचाहत्तर-ऐंशीला जातात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, ५० चे ८० केले की अडीचपट. मी महिनाभर ५०-५५ वर चालवून बघितलं, घरी पोहोचायला चार मिनिटं जास्त लागली आणि अ‍ॅव्हरेज पाचने वाढलं. हवा दर आठवड्याला बघतो, मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकात किती हवी ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, गॅरेजवाल्याच्या अंदाजावर सोडू नका.

गॅरेजवरून आठवलं. २०१७ ला अ‍ॅव्हरेज अचानक ५२ वर आलं. एका गॅरेजमध्ये दाखवलं, तो म्हणाला रिंग-पिस्टन गेलं, साडेचार हजार लागतील. पैसे नव्हते म्हणून थांबलो. रविवारी गाडी मेन स्टँडला लावून मागचं चाक हाताने फिरवलं. अर्ध्या फेरीत थांबलं. ब्रेक चिकटत होता! ड्रम उघडून साफ केला, ब्रेक शू बदलले, पुढच्या टाकीला ६३. त्या माणसाने मुद्दाम खोटं सांगितलं, का त्याला खरंच कळलं नाही, ते मला माहीत नाही. पण इंजिन उघडायच्या आधी चाक फिरवून बघा, चेनचा ताण बघा, एअर फिल्टर बघा, प्लग बघा. या चार गोष्टींना पाच मिनिटं लागतात.

ई-२० बद्दलही बोलतो, कारण इनबॉक्समध्ये त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आलेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सुरू झालं आणि आता बहुतेक पंपांवर तेच आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं कमी होणार हे उघड आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घट लिहिली होती. माझ्या दुसऱ्या, १२५ सीसीच्या गाडीच्या वहीत ६१ चे ५९ झाले, म्हणजे त्याच हिशेबात. "निम्मं झालं" म्हणणाऱ्यांनी आधी ब्रेक आणि हवा बघावी. मी इथेनॉलच्या विरोधात नाही, माझी सासुरवाडी फलटणकडची, तिथे घराघरात ऊस आहे आणि कारखान्याकडून वेळेवर पैसे येणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण त्याच अहवालात असंही होतं की घटलेल्या अ‍ॅव्हरेजची भरपाई म्हणून गिऱ्हाइकाला करात सवलत देण्याचा विचार व्हावा. ती सवलत पंपावर कुठे आहे? दोन किलोमीटर माझे गेले, लिटरचा भाव तोच राहिला. तीन टक्के तर तीन टक्के, ते माझ्या खिशातले आहेत.

रेंजचं, म्हणजे एका टाकीत गाडी किती लांब जाते याचं, शहरातल्या माणसाला फारसं वाटत नाही, तिथे दर दोन किलोमीटरला पंप आहे. आमच्याकडे तसं नाही. आताच्या स्प्लेंडरची टाकी ९.८ लिटरची. साठने धरली आणि एक लिटर राखून ठेवलं तरी ५०० किलोमीटरच्या वर निवांत जाते. मुलीची स्कूटर ५.३ लिटरची, ती ४५ देते, रिझर्व्ह सोडून १९० च्या आसपास. त्यामुळे वरंधा घाटाने महाडला जायचं तर मोटारसायकलच न्यायची हा आमच्या घरचा नियम आहे. एकदा रात्री त्या घाटात रिझर्व्हला लागली होती. बायको मागे, धुकं, आणि भोरपर्यंत पंप नाही. चाळीसच्या खाली वेग ठेवून, टॉप गिअरमध्ये, एकही शब्द न बोलता भोर गाठलं. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांना कॉक नाही, दिवा लुकलुकतो. तो लुकलुकला की पहिल्या पंपावर थांबायचं असं मी मुलीला सांगून ठेवलंय, कारण त्यांचा पेट्रोल पंप टाकीतच बुडालेला असतो, पेट्रोलनेच तो थंड राहतो, सारखी टाकी कोरडी केली तर तो खराब होतो आणि स्वस्तात मिळत नाही.

सीएनजीची मोटारसायकल घ्यावी का असं तिघांनी विचारलंय. जुलै २०२४ मध्ये बजाजने पुण्यातच फ्रीडम १२५ आणली, दोन किलो गॅस आणि दोन लिटर पेट्रोल, कंपनी मिळून ३३० किलोमीटर सांगते. मी ती महिनाभर चालवून मोजलेली नाही, म्हणून मत देणार नाही. तुमच्या रस्त्यावर गॅसचा पंप कुठे आहे आणि तिथे रांग किती असते, हे आधी दोन दिवस जाऊन बघा.

कमेंटमध्ये तुमच्या गाडीचा आकडा जरूर लिहा, पण नुसता आकडा नको. गाडी कुठल्या सालची, रोजचा रस्ता कुठला, मागे कोणी बसतं का, आणि टाकी फुल करून मोजलं की अंदाजाने, हेही लिहा. सासवड-हडपसर रोज करणारे असतील तर त्यांचे आकडे मी माझ्या वहीत उतरवून घेणार आहे.