हसाचं तरी कायच्यावर?

काऊन जी, विदर्भातला माणूस म्हणजे वाक्यावाक्याले 'बे' म्हणणारा येडपटच असते काय? नवीन विनोदी मालिका म्हणून घरादारानं जेवणं लवकर आटोपली. पाहतो तर काय? पुरुषाले लुगडं नेसवलं, जाड्या बाईले हिणवलं, खेड्यातल्या नोकराले तोतरं केलं, अन् मागून रेकॉर्ड केलेला हशा! घरात कोणाचा ओठ हलला नाही. आजी तर टीव्हीकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत बसली.

अरे मालिकावाल्यांनो, दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडे या! झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाचं, नाटक रातभर चालते, धान पिकवणारा माणूस थंडीत पहाटेपर्यंत पोट धरून हसते. तेथचे नट आमचीच बोली बोलतात. तुम्हाले त्यातला एकही सापडत नाही? आमचीच टिंगल करता, अन् वरून आम्हालेच हसा म्हणता?