काका, लहान मुलांना गॅलरीत न्यायलाच हवं

नमस्कार काका. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याला दोन ओळींत थँक्यू म्हणून सोडून देणं बरं वाटेना, म्हणून बसून लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही दोघं, सहावीतली लेक, तिसरीतला मुलगा, भाचा आणि सासूबाई असे रविवारी नाशिकरोडहून निघालो आणि पांडवलेणी, मग मिसळ, मग कुसुमाग्रज स्मारकातलं जलरंगांचं प्रदर्शन आणि संध्याकाळी गोदाघाट असा दिवस करून आलो, त्यावर मी पोस्ट टाकली होती. काकांचं म्हणणं असं की प्रदर्शन ही शांतपणे बघायची गोष्ट आहे, तुम्ही ती पिकनिकमध्ये कोंबलीत, पाऊण तासात उरकलीत, तिसरीतल्या पोराला त्यातलं काय कळणार, मोठी होऊ देत मग न्या, तोवर फोनवर दाखवा, उगाच खऱ्या रसिकांना त्रास नको.

आधी त्रासाचं बोलते, कारण तो मुद्दा मलाही महत्त्वाचा वाटतो. गाडीतच मुलांना सांगून ठेवलं होतं की आत हात मागे, पळायचं नाही, बोलायचं तर हळू, आणि चित्राला बोट अजिबात नाही, सगळीच चित्रं काचेमागे नसतात आणि बोटाचा घाम-तेल कागदाला लागलं की ते निघत नाही. कारण सांगितलं की मुलं ऐकतात, नुसतं 'हात लावू नको' म्हटलं की नाही ऐकत. आणि तुम्ही ज्याला कोंबाकोंबी म्हणताय ना, तो क्रम आम्ही विचार करून ठरवला होता. सकाळी लेण्यांच्या पायऱ्या चढून पाय मोकळे झाले, मग पोटभर खाणं झालं, त्यामुळे गॅलरीत शिरताना तिघंही निवांत होती. आणि पांडवलेणी म्हणजे नुसता व्यायाम नव्हता हो, 3 नंबरच्या लेण्यात बाहेर ते दगडी गण आहेत बघा, खांद्यावर तुळया घेऊन अख्खं लेणं उचलून धरल्यासारखे, ते भाचा किती वेळ बघत होता. हे दगड फोडून वरून खाली कोरत आणलंय, एक घाव चुकला तर परत जोडता येत नाही, हे त्याला तिथेच समजलं. मला तरी तीही कलाच दाखवणं वाटतं.

आता कळण्याचं. प्रदर्शनात एक सकाळच्या गोदाघाटाचं चित्र होतं, ओल्या पायऱ्यांवर ऊन पडलंय आणि पलीकडे देवळं धुक्यात. माझा मुलगा त्याच्यासमोर थांबला आणि म्हणाला, आई इथे रंग द्यायचा राहिलाय. चित्रकार तिथेच होते, ते उठून आले आणि त्याच्या उंचीला वाकून त्यांनी सांगितलं की राहिला नाहीये, मुद्दाम सोडलाय, जलरंगात ऊन म्हणजे कागदाचाच पांढरा, नंतर वरून पांढरा लावला तर तसा उजेड येत नाही, म्हणून ब्रश कुठे न्यायचा नाही हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं, आणि फिक्याकडून गडदाकडे जायचं, कागद ओला आहे तोवर आकाश-पाणी उरकायचं कारण मध्येच सुकलं तर कडा उठतात. त्यानंतर तो प्रत्येक चित्रात कुठे कुठे कागद सोडलाय ते शोधत फिरला. मी इतकी वर्षं प्रदर्शनं बघतेय काका, मी असं कधी बघितलं नव्हतं. मोठ्यांना पांढऱ्या जागा दिसतच नाहीत कारण आपण 'हा घाट, हे देऊळ' म्हणून पुढे सरकतो. त्याच्या डोळ्याला तिथे काहीच नाही हे दिसलं, आणि जलरंगातली कळीची गोष्ट तीच तर आहे.

आणि हे फोनवर झालं नसतं, खात्रीने सांगते. घरी आल्यावर त्याच चित्राचा काढलेला फोटो बघितला तर ती पांढरी जागा नुसती चमकत होती, कारण स्क्रीनला मागून लाईट असतो, तिथे कागद आहे हे कळतच नाही. कागदाचा खरखरीतपणा, कोरडा ब्रश वरच्यावर घासत गेला की खालचे खड्डे कोरे राहतात ते, रंगाचं पाणी साचून सुकल्याची रेघ, सगळं गायब. शिवाय साईज! भिंतीवर मुलाच्या हाताच्या वावेएवढं असलेलं चित्र फोनवर तळहाताएवढं होतं.

संध्याकाळी घाटावर गेलो तो पोस्टमध्ये एका ओळीत उरकलेला भाग, पण तुमच्या पाऊण तासाच्या हिशोबात तो धरायला हवा. चित्रातली जागा शोधायची म्हणून तिघं भिरभिरत होती, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती सापडली, नारोशंकराचं देऊळ सापडलं, मग लेकीने विचारलं की चित्रात मारुती डावीकडे का सरकलाय, म्हणजे चित्रकाराने उभं कुठे राहून काढलं असेल ते शोधत आम्ही मागे मागे गेलो. सासूबाईंचं माहेर पंचवटीतलं, त्यांनी 1969 च्या महापुराची गोष्ट सांगितली, पाणी मारुतीच्या कुठवर आलं यावरून नाशिककर पूर मोजतात हे मुलांना पहिल्यांदा समजलं. चित्र बघणं गॅलरीच्या दारात संपलं नाही हो. शिवाजी तुपेंसारख्या निसर्गचित्रकाराचं हे गाव आहे, इथे चित्रातली जागा चित्र बघून झाल्यावर अर्ध्या तासात गाठता येते, मग ते दोन्ही एका दिवसात का नाही करायचं?

मोठी झाल्यावर न्या म्हणालात, पण कधी? आठवी-नववीत क्लासेस सुरू होतात, रविवारी टेस्ट असते. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलं बसवतात, दहावीला त्याचे जादा मार्क मिळतात म्हणून ग्रेडसाठी क्लास लावतात, स्थिरचित्र, स्मरणचित्र, सगळं घोटून घेतात, आणि यातल्या कितीतरी मुलांनी भिंतीवर लावलेलं एकही खरं चित्र जवळून बघितलेलं नसतं. याचा मला खरंच राग येतो. बहुतेक प्रदर्शनांना तिकीटही नसतं, तरी पालक दारातून परत फिरतात कारण त्यांना वाटतं ही आपली जागा नाही, आत कोणीतरी आपल्या पोरांकडे डोळे वटारून बघेल. तुमच्यासारख्या नेमाने जाणाऱ्या माणसाने 'लहान मुलं नकोत' लिहिलं की ते अजूनच बिचकतात, म्हणून एवढं लिहिलं. रागावू नका.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही परत जाणार आहोत, तारीख इथेच टाकते. तुम्ही या. मुलांना आमच्यापेक्षा तुम्ही जास्त सांगू शकाल, आणि पोरगा प्रश्न फार विचारतो, वेळ काढून या.