पाचरीच्या बुटांबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. आईंसाठी आमच्याकडून घेतलेले ‘गुडघ्यांसाठीचे खास बूट’ तीन आठवडे वापरूनही दुखणं तसंच आहे, वर घोटा दुखायला लागलाय आणि घरात अनवाणीच त्यांना बरं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. ‘फसवणूक’ हा शब्द झोंबला. पण आमच्या पत्रकावर ‘गुडघेदुखीपासून आराम’ असं ठळक छापलेलं होतं, तेव्हा तो शब्द बिनबुडाचा आहे असं मी म्हणू शकत नाही.

त्या बुटातला इनसोल, म्हणजे पायाखालचा आतला तळ, बाहेरच्या कडेला ५ अंशांनी उंच आहे. आम्ही त्याला पाचर म्हणतो. चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर जास्त भार येतो आणि बहुतेकांची झीजही तिथेच होते. पाचरीमुळे भार थोडा बाहेरच्या बाजूला सरकतो. हा फरक प्रयोगशाळेत मोजता येतो, पण तो सरासरी पाच-सहा टक्क्यांचाच. शिवाय तेवढ्याने वेदना कमी होतेच असं नाही. २०१३ मध्ये बऱ्याच चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले गेले, तेव्हा साध्या सपाट इनसोलपेक्षा पाचरीने दुखणं विशेष कमी झाल्याचं दिसलं नाही. हे मला माहीत होतं, तरी पत्रक छापलं गेलं. आता ते काढलंय.

घोट्याचं म्हणाल तर चूक सरळ आमची. पाचर घोट्याला आत कलवते, म्हणून सवय हळूहळू करावी लागते. ते कुणी सांगितलं नाही. त्याहून वाईट म्हणजे आईंची झीज कुठल्या बाजूची आहे हेच विचारलं नाही. बाहेरच्या बाजूची असेल तर हीच पाचर दुखऱ्या भागावरचा भार वाढवते.

अनवाणी बरं वाटतं हेही खोटं नाही. नेहमीच्या बुटांपेक्षा अनवाणी चालताना आतल्या बाजूवरचा ताण कमी भरतो. मात्र त्यावरून पातळ, लवचिक सोलच्या चपला घेऊ नका. मीही काही वर्षं तेच सुचवत होतो. मग २०२१ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांची चाचणी आली: आतल्या बाजूची झीज असलेले १६४ जण, सहा महिने. भक्कम, आधार देणारे बूट घालणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांचं चालतानाचं दुखणं जाणवण्याइतकं कमी झालं. सपाट लवचिक बूटवाल्यांत ४० टक्क्यांचं. त्रासाच्या तक्रारीही लवचिक बुटांतच जास्त. म्हणजे भक्कम बूट घालूनही बऱ्याच जणांना फरक पडला नाही, हे आता आम्ही विकण्याआधीच सांगतो. व्यायाम आणि वजनाचं काम बूट करत नाही, हेही.

बूट वापरलेले असले तरी घेऊन या, पूर्ण पैसे परत मिळतील. साधा भक्कम जोड बघायचा असेल तर आईंना सोबत आणा आणि एक्स-रेचा रिपोर्टही. दुकानात दहा मिनिटं चालून बघितल्याशिवाय या वेळी काही देणार नाही. तोवर बुटातला इनसोल आजच काढून टाका. तो चिकटवलेला नाही, टाचेकडून ओढला की निघतो.